वर्णद्वेषाला सामोरं जाताना: परदेशातले आणि पुण्यातले अनुभव

अवनी_कोथरूड

माझी भाची येत्या सप्टेंबरात एमएस करायला डब्लिनला निघाली आहे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या टॅला भागात एका भारतीय माणसाला टोळक्यानं भर रस्त्यात बेदम मारलं. पाठोपाठ तशाच बातम्या येत गेल्या, आणि तिथल्या भारतीयांनी दरवर्षीचा इंडिया डे त्या वर्षी पुढे ढकलला. तेव्हापासून बहिणीच्या जिवाला घोर आहे.

परवा घरी सगळे जमले होते. प्रत्येकाकडे सल्ला तयार. एक म्हणाला दुर्लक्ष करायचं, दुसरा म्हणाला तिथल्या तिथे सुनवायचं, मावशी म्हणाली अंधार पडल्यावर खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. भाची निमूट ऐकत होती. मग विषय आमच्या बिल्डिंगवर आला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मणिपूरच्या दोन मुलींना भाड्यानं द्यायचं चाललंय. मघाशी आयर्लंडच्या पोरांना नावं ठेवणारी तीच माणसं म्हणाली, “त्या लोकांना कशाला द्यायचा? काय काय शिजवतील.” मला ते सहन झालं नाही आणि मी तसं बोलले. पुढची जेवणं गप्पगप्पच झाली.

मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. रस्त्यावर गाडीतून ओरडून गेलेली पोरं आता आठवतही नाहीत. आठवतो तो वॉर्डातला एक आजोबा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला. मी खाटेजवळ गेले तर नर्सकडे बघून म्हणाला, “हिचा हात मला लागता कामा नये, आपल्यातली कुणी असेल तर पाठवा.” माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं बोललेलं इंग्रजी गळ्यातच अडकलं. वॉर्ड सिस्टर आली, आवाज जराही न चढवता म्हणाली, “आज तुमच्या फिजिओ याच आहेत. व्यायाम करायचा नसेल तर तुम्ही नकार दिला अशी नोंद करते.” त्यानं मुकाट व्यायाम केला. त्याहून मोठी गोष्ट नंतर झाली. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “उद्या तू याच्याकडे जाणार आहेस की नको? तू म्हणशील तसं.” आणि तक्रारीचा फॉर्म तिनं स्वतः भरला.

पुढे एप्रिल २०२० पासून एनएचएसनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, नियमच केला की तातडीचा उपचार सोडून बाकी उपचार वर्णद्वेषी वागणाऱ्या रुग्णाला नाकारता येतील. त्या दिवशी सिस्टरनं स्वतःच्या हिमतीवर केलं, पुढच्या सिस्टरला नियमाचा आधार मिळाला.

माझं मत असं झालंय की ज्याला बोललं जातं त्याच्यावरच उत्तर देण्याचं ओझं टाकू नये. आजूबाजूच्यांनी काय केलं यावर पुढचं सगळं ठरतं. तुमचे अनुभव लिहा, तिकडचेही आणि इकडचेही. दोन धागे मुद्दाम वेगळे काढत नाही.

इसारकाठ

म्युनिकमध्ये घर शोधताना आलेला अनुभव. माझ्या नावानं पाठवलेल्या मेलना उत्तरच यायचं नाही, आलं तर “घर गेलं”. ऑफिसातल्या एका जर्मन सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला थांब, आणि त्यानं त्याच घराला, जवळपास त्याच मजकुराचा मेल स्वतःच्या नावानं टाकला. त्याला संध्याकाळपर्यंत घर बघायला या म्हणून बोलावणं.

माझं डोकं फिरलं होतं, पण त्यानं दोन्ही मेल, वेळ, उत्तरं सगळं जपून ठेवायला लावलं. इथे २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि त्याखाली भरपाई मागायची तर दोन महिन्यांच्या आत लेखी मागावी लागते. सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय फुकट सल्ला देतं. आपली बहुतेक माणसं या दोन महिन्यांत फक्त चडफडत बसतात आणि मुदत निघून जाते. अमेरिकेतही नोकरीतल्या भेदभावाची तक्रार करायला १८० दिवस असतात, बऱ्याच राज्यांत ३००. कुठल्याही देशात जा, आधी ही मुदत विचारून घ्या.

तोंडी टोमण्यांसाठी मला उपयोगी पडलेली एकच गोष्ट: शांतपणे “काय म्हणालात? परत सांगा” असं विचारायचं. चार लोकांत तेच वाक्य पुन्हा म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. मात्र हे ऑफिसात, दुकानात. रात्रीच्या ट्रेनमध्ये प्यायलेल्या माणसाशी हे अजिबात करू नये, तिथे डबा बदलावा.

निवृत्त_सहकारनगर

अवनीताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी १९८०च्या दशकात न्यू जर्सीत होतो. १९८७च्या उन्हाळ्यात तिथल्या एका वर्तमानपत्रात ‘डॉटबस्टर्स’ अशा सहीचं पत्र छापून आलं. डॉट म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. जर्सी सिटीतून भारतीयांना हाकलून लावू, टेलिफोनच्या डिरेक्टरीत पटेल आडनाव शोधून काढू, असा मजकूर. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाचा मारहाणीत जीव गेला.

त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या बायका घराबाहेर पडताना टिकली काढून पर्समध्ये ठेवत. मोठ्यांचा सल्ला काय, तर मान खाली घालून काम करा, आपण पाहुणे आहोत. मान खाली घालून काही थांबलं नाही. थांबलं ते लोक रस्त्यावर आले तेव्हा. कोलंबिया विद्यापीठातल्या भारतीय विद्यार्थ्यांनी संघटना बांधली, दुकानदार आणि डॉक्टर मोर्च्यात एकत्र चालले, नगरपालिकेच्या बैठकांना जाऊन बसले. १९९० मध्ये न्यू जर्सीनं द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांसाठी कायदा केला.

आपल्या गावाचंही दुःख विसरू नये. २६ डिसेंबर २०११ ला इंग्लंडमधल्या सॅलफर्डमध्ये मित्रांबरोबर चालत जाणाऱ्या पुण्याच्या एका विद्यार्थ्याला अनोळखी माणसानं जवळ येऊन वेळ विचारली आणि गोळी घातली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षांची. तो पोरगा कोणाशी भांडला नव्हता की काही बोलला नव्हता. म्हणून “मुलांनी नीट वागलं तर काही होत नाही” असं पालकांनी कृपा करून म्हणू नये.

विक्रांत_डी

परदेशातलं सगळं मान्य. पण पुण्याला त्याच तराजूत घालणं मला पटत नाही. इथे गोळ्या घालत नाहीत. वेगळा चेहरा दिसला की लोक बघतात, विचारतात, त्यात कुतूहल जास्त असतं. आणि टोमणे तर पुण्यात विदर्भातून आलेल्यालाही खावे लागतात, मीच नागपूरचा आहे. प्रत्येक गोष्टीला द्वेष म्हटलं तर खऱ्या द्वेषाचं वजन कमी होईल असं वाटतं.

रेंजहिल्स

विक्रांतजी, तुम्ही नीट शब्दांत लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहिते.

मी मूळची नागालँडची. वडील लष्करात, त्यामुळे लहानपणापासून खडकीत. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, मराठी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात शिकले. मी मराठी बोलले की लोक टाळ्या वाजवतात, “अगं बाई, किती छान बोलते!” आणि लगेच पुढचं वाक्य हिंदीत बोलतात.

तुम्हाला नागपूरचा म्हणून टोमणा मारतात तेव्हा तुम्ही या देशाचे आहात की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये मी अकरावीत होते. आसाममधल्या कोक्राझारच्या दंगलींनंतर ईशान्येकडच्यांवर हल्ले होणार अशा अफवांचे मेसेज फिरायला लागले. पुण्यात ईशान्येकडच्या मुलांना मारहाण झाली, आणि बंगळुरूसारखीच इथूनही मुलं मिळेल त्या गाडीनं गुवाहाटीकडे निघाली. एकगठ्ठा एसएमएसवर सरकारनं बंदी आणली होती, दिवसाला पाचच जायचे. माझे दोन मामेभाऊ इथे हॉटेलात कामाला होते. ते मालकाला न सांगता, पगार न घेता गेले. एक परत आलाच नाही. त्या आठवड्यात शेजारच्या काकू मला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजला सोडायच्या आणि परत न्यायला यायच्या. कुणाशी भांडल्या नाहीत, भाषण दिलं नाही. गेटपाशी उतरवायच्या आणि मी आत जाईपर्यंत गाडी चालू करायच्या नाहीत.

२०२० मध्ये बाजारात मला बघून एक माणूस “कोरोना आला” म्हणाला आणि माझ्या बाजूला थुंकला. आजूबाजूला दहाजण होते. मला त्या थुंकण्यापेक्षा त्या दहाजणांची शांतता जास्त लागली, अजून लागते. भाजीवाल्या मावशी तेवढ्या बोलल्या: “ती माझं गिऱ्हाईक आहे, तू पुढं हो.”

आता मदत करू पाहणाऱ्यांना एक विनंती. कुणी आम्हाला काही बोललं की काही चांगली माणसं लगेच त्याच्या अंगावर जातात. भांडण पेटतं, गर्दी जमते, आणि मग ती चांगली माणसं निघून जातात. मला मात्र उद्या त्याच दुकानात, त्याच स्टॉपवर जायचं असतं. म्हणून आधी माझ्याजवळ येऊन उभे राहा. “ताई, रिक्षा मिळाली का?” असं काहीही विचारा. ओळखीचं असल्यासारखं बोला. तो माणूस बहुतेक वेळा तिथेच गळतो. मग मला विचारा, तक्रार करायची आहे का, सोबत येऊ का. व्हिडिओ काढलात तर तो मला द्या, माझ्या परवानगीशिवाय ग्रुपवर फिरवू नका. माझा रडवेला चेहरा सगळ्या शहरानं बघावा असं मला वाटत नाही.

इसारकाठ

+१. इकडे बघ्यांसाठी शिबिरं होतात त्यात अगदी हेच शिकवतात. हल्लेखोराकडे बघायचंच नाही, ज्याच्यावर प्रसंग आलाय त्याच्याशी बोलायचं.

ॲड_शिवाजीनगर

रेंजहिल्सताईंनी तक्रारीचा विषय काढला म्हणून व्यवहारातलं लिहिते.

२०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या केसांवरून चिडवलं, त्यातून मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर केंद्रानं बेझबरुआ समिती नेमली. वांशिक अपमानासाठी दंडसंहितेत स्वतंत्र कलमं घाला अशी शिफारस तिनं त्याच वर्षी केली. ती कलमं आली नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही नुसत्या वांशिक शिवीसाठी वेगळं कलम नाही. हे मला अतिशय खटकतं, पण आहे त्या कायद्यात काय करता येतं ते बघू.

चिथावणीच्या हेतूनं केलेला अपमान कलम ३५२ खाली येतो. तो अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ते नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि माणूस निराश होऊन घरी येतो. वंश, भाषा, जन्मस्थान यांवरून समाजात तेढ पसरवली तर कलम १९६, ते दखलपात्र आहे. बाईच्या मर्यादेला धक्का देणारे शब्द किंवा हावभाव असतील तर ७९. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, भाषा वगैरे कारणावरून जबर दुखापत केली तर ११७ चं चौथं उपकलम, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ईशान्येकडचे पुष्कळ लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अपमान सार्वजनिक ठिकाणी, लोकांच्या देखत झाला असेल तर अॅट्रॉसिटी कायदा लागू शकतो. “तुमची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही” असं सांगून परत पाठवलं जायचं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की या कायद्याचं संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरतं नाही, तो देशात कुठेही असला तरी मिळतं. चौकीवर जाताना या निकालाची प्रत आणि जातीचा दाखला सोबत ठेवा.

घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून टोलवलं तर झिरो एफआयआर मागा, त्यांना नोंदवावी लागते, आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. धोका चालू असताना ११२. आणि त्याच दिवशी, झोपायच्या आधी, वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. “शिवीगाळ केली” एवढंच फिर्यादीत आलं की केस तिथेच पातळ होते. दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवा असं लेखी पत्र लगेच द्या.

वैशाली_उंड्री

आमच्या भागात आफ्रिकी विद्यार्थी बरेच आहेत. सोसायटीच्या सभेत विषय आला, “परदेशी विद्यार्थ्यांना फ्लॅट देऊ नये.” अमेरिकन किंवा जपानी भाडेकरूंबद्दल कुणाची हरकत नव्हती. कुणाबद्दल बोलणं चाललंय ते सगळ्यांना कळत होतं, उच्चार कुणी करत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, ठराव करायचा तर करा, पण कारण शब्दांत लिहा आणि सूचक-अनुमोदकांची नावं घाला. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, कोण मांडतंय? कुणीच हात वर केला नाही. विषय पुढच्या सभेवर गेला आणि मग आलाच नाही.

मग मी चौकशी केली. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, सोसायटीला कळवावं लागतं. भाडेकरू परदेशी असेल तर घरमालकानं २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून कळवायची.  “पोलिसांचं लफडं होईल” ही भीती त्या फॉर्मपाशी बरीच कमी होते.

आमच्या मजल्यावर टांझानियाची दोन मुलं राहतात. लिफ्टमध्ये लोक त्यांना बघून पुढच्या फेरीची वाट बघतात. दारावरचा वॉचमन त्यांच्याच पिशव्या तपासतो. हे कुठल्याही कलमात बसत नाही आणि दिवसातून चार वेळा घडतं. वॉचमनला मी सांगितलं, तपासायच्या तर माझ्यापासून सुरुवात करा. आता कुणाच्याच तपासत नाही.

गंज_पेठ

विक्रांत, पुण्याचा संबंध कुठे, असा तुमचा सूर आहे म्हणून लिहितो. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना गुलामीतून सोडवलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता घ्यावा अशी इच्छा धरून. पुण्यातल्या एका पेठेत बसलेल्या माणसाला दीडशे वर्षांपूर्वी तिकडचं आणि इकडचं एकाच रांगेत दिसत होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली, तीही याच समजुतीतून.

आणि आपलेच लोक तिकडे जाताना जात सोबत नेतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटलच्या नगर परिषदेला जातीवरून भेदभाव करायला बंदी घालावी लागली. गोऱ्या बॉसनं डावललं तर मेल लिहिणारा माणूस दलित सहकाऱ्याला जेवणाच्या टेबलावर “तुमच्यात काय चालतं?” विचारतो, तेव्हाही कुणीतरी बोललं पाहिजे.

विक्रांत_डी

रेंजहिल्स, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. “देशाचा आहे की नाही” हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. एक खरा प्रश्न विचारतो. माझ्या मुलीच्या वर्गात, सहावीत, सुदानचा एक मुलगा आहे. मुलं त्याला रंगावरून हाक मारतात आणि तो हसून घेतो. मुलगी म्हणते, त्यालाच चालतं तर मी काय करू?

रेंजहिल्स

तो हसतो कारण सहावीत तेवढंच हातात असतं. मीही हसायचे. मुलीला सांगा, त्याला कायम त्याच्या खऱ्या नावानं हाक मार, नीट उच्चार विचारून. डबा खाताना त्याच्या शेजारी बस. एकीनं सुरू केलं की दोघी-तिघी येतात. आणि वर्गशिक्षकांना तुम्ही भेटा, मुलीला चुगली करायला लावू नका. तुम्ही त्या मुलाचे कुणी नाही, म्हणूनच तुमच्या बोलण्याला वजन येईल. आमचे आईवडील शाळेत जायला बिचकायचे.

विक्रांत_डी

सोमवारी जातो.

लूकनवासी

अवनीताई, मी डब्लिनजवळ लूकनमध्ये राहतो. भाचीसाठी लिहितो. घाबरवणार नाही आणि सगळं छान आहे असंही सांगणार नाही. त्रास देणारी बहुतेक शाळकरी वयाची पोरं असतात, टोळीनं फिरतात. अंगावर अंडी, दगड, शिव्या. त्यांच्याशी वाद घालू नये, मोबाईल समोर धरून शूटिंग करू नये, त्यानं ती चेकाळतात. जवळच्या दुकानात शिरावं. डबलडेकर बसमध्ये रात्री खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरजवळ बसावं.

इथे द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना वाढीव शिक्षा देणारा कायदा ३१ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आहे. तक्रार करताना गार्डाला, म्हणजे इथल्या पोलिसाला, स्पष्ट सांगायचं की हे मला माझ्या वर्णावरून केलं असं मला वाटतं, आणि तसं लिहून घ्यायला लावायचं. ऑनलाइनही तक्रार करता येते. तातडीला ११२, आपल्याकडचाच नंबर. पोलिसांकडे जायचं नसेल तरी आयरिपोर्ट या संकेतस्थळावर नोंद करावी, तिथे वर्णद्वेषाच्या घटनांची वेगळी मोजदाद होते.

आणि हेही सांगतो. २०२५ च्या त्या प्रसंगात रस्त्यावर पडलेल्या माणसाजवळ थांबलेली, त्याला सावरणारी आणि नंतर जाहीरपणे बोललेली बाई आयरिशच होती. घर कुठल्या भागात बघते आहे ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा. कोणत्या बसचा रस्ता रात्री नको ते मी सांगेन, आणि पहिल्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला येऊ दे.

अवनी_कोथरूड

लूकनवासी, व्यनि केला आहे. बहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, आज बऱ्याच दिवसांनी ती निवांत बोलली. वैशाली, उपविधींबद्दलचं मी उद्या आमच्या सेक्रेटरींना दाखवते, फ्लॅटचा करार या आठवड्यात आहे. रेंजहिल्स, तुमचा पहिला प्रतिसाद आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर चालेल का?

रेंजहिल्स

टाका. मामेभावांबद्दलच्या ओळी तेवढ्या काढा, बाकी सगळं ठेवा. आणि त्या दोघी राहायला आल्या की त्यांना माझा आयडी द्या. खडकी बाजारात आमच्याकडची सुकी मिरची आणि बांबूचे कोंब कुठे मिळतात ते मी दाखवीन.